तेराव्या डावाची नोंद



क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या या सभेपुढे आज बेसबॉलच्या एका सामन्याविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. हा सामना अमेरिकेतील मिलवॉकी शहरी दि. २६ मे १९५९ च्या रात्री झाला. दोन्ही संघांची मिळून धाव झाली अवघी एक. पण जाणकार अजूनही त्याची आठवण काढतात.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला ९ छोटे डाव मिळतात व ३ गडी बाद झाले की डाव संपतो. अशा २७ गड्यांपैकी एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू न देणे, ही गोलंदाजाची परिपूर्ण कामगिरी समजली जाते. पिट्सबर्ग पायरेट्सचा डावखुरा गोलंदाज हार्वे हॅडिक्स त्या रात्री फ्लूने बेजार होता. समोर मिलवॉकी ब्रेव्ह्ज हा १९५७ व १९५८ सालचा नॅशनल लीगचा विजेता संघ होता. हॅडिक्सने त्याचे २७ गडी ओळीने बाद केले. परंतु त्याच्या स्वतःच्या संघालाही एकही धाव काढता आली नव्हती. खेळ लांबला. १२ डाव झाले, ३६ फलंदाज आले आणि ३६ ही परतले. ब्रेव्ह्जचा लू बर्डेट याच्या चेंडूंवर पायरेट्सनी १२ फटके यशस्वी केले, पण धाव शून्यच!

तेराव्या डावात पायरेट्सच्या क्षेत्ररक्षकाची फेक चुकली आणि फेलिक्स मँटिला पहिल्या बेसवर पोहोचला. एडी मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन त्याला पुढे सरकवले. हँक एरनला मुद्दाम पहिला बेस देण्यात आला. मग जो ॲडकॉकने चेंडू थेट कुंपणापार धाडला. त्याही गडबडीत एरन वाटेतच वळला, ॲडकॉक त्याच्या पुढे गेला आणि नियमानुसार बाद ठरला. अखेर १-० असा निकाल कायम झाला. पराभूत गोलंदाज म्हणून नाव लागले हॅडिक्सचे.

पुढे १९९१ साली अमेरिकन बेसबॉलच्या एका समितीने नियमाची व्याख्या काटेकोर केली. संपूर्ण सामन्यात एकही फटका यशस्वी होता कामा नये, असे ठरले आणि हॅडिक्सचा सामना त्या सन्माननीय यादीतून वगळला गेला. आपण काय केले ते आपल्याला ठाऊक आहे, एवढेच तो त्यावर म्हणाल्याचे सांगतात. १९९४ साली तो निवर्तला.

आमची सारी हयात सरकारी फायलींत गेली. तेव्हा समितीला दोष देण्यास आम्ही धजणार नाही. व्याख्या सर्वांना सारखीच लागू हवी, नाहीतर नोंदीला अर्थ उरत नाही. मात्र नोंद ही निकालाची असते; कामाचे मोल तीत मावतेच असे नाही. ते सांगण्याची जबाबदारी पाहणाऱ्यांवर येते. हॅडिक्सचे नाव यादीने राखले नाही. ते राखले त्या रात्रीची हकीकत पुढच्या पिढीला सांगणाऱ्यांनी.

आपल्या मंडळाच्या ५० वर्षांच्या अहवालांत पदाधिकाऱ्यांची नावे आहेत, जमाखर्च आहे. नाटकाच्या तालमींसाठी आपले दोन खोल्यांचे बिऱ्हाड मोकळे करून देणाऱ्या, गणेशोत्सवात पंगती उठल्यावर मध्यरात्री भांडी घासणाऱ्या माणसांसाठी त्यांत रकाना नाही. ती माणसे पाहिलेले काहीजण आज या सभेत बसले आहेत. त्यांनी घरी जाऊन आपल्या मुलांना ती नावे सांगावीत, एवढीच आमची विनंती आहे.