मोटर बंद, कंडेन्सर भरलेला



पैठण, फुलंब्री, कन्नड, आपल्या जिल्ह्यात कुठेही जा. बोअरवर सिंगल फेजची मोटर असली की जवळ स्टार्टरची पेटी असतेच. तिच्यातल्या गोल डब्यांना आपण कंडेन्सर म्हणतो. शाळेच्या पुस्तकातला कपॅसिटर तो हाच. त्यातला एक मोटर चालू असेपर्यंत काम करतो. दुसरा फक्त सुरुवातीला धक्का देतो. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्याबद्दल.

बऱ्याच पेट्यांत हिरवे बटण दाबून धरावे लागते. मोटर घुमली की ते सोडायचे. बटण दाबलेले असते तेवढाच वेळ, जेमतेम एक-दोन सेकंद, हा कंडेन्सर मोटरला जोडलेला असतो. बटण सोडताना आत बारीक ठिणगी उडते आणि प्रवाह शून्यावर आला की विझते. गंमत अशी, की प्रवाह शून्य असतो नेमक्या त्याच क्षणी कंडेन्सर काठोकाठ भरलेला असतो. म्हणजे तो बहुधा भरलेलाच तुटतो. अंगावर 300 व्होल्ट घेऊन, वाट न सापडता, तसाच बसून राहतो. मग मेन स्विच पाडा नाहीतर लाईट जावो, त्याला काही फरक पडत नाही.

त्याला वाट देण्यासाठी दोन टोकांमध्ये एक छोटा रेझिस्टर जोडलेला असतो. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून आपल्या शहरात घरोघरी ड्रम असतात. ड्रमची तोटी सोडली की आधी जोरात धार लागते, पाणी उतरत गेले की ती मंदावते. इथेही तसेच. कंडेन्सर 100 मायक्रोफॅरडचा आणि रेझिस्टर 15 किलोओहमचा धरा. दोन्हींचा गुणाकार येतो दीड सेकंद. दर दीड सेकंदाला व्होल्टेज आधीच्या साधारण 37 टक्क्यांवर येते. 300 चे 110, मग 41, मग 15. साडेसात सेकंदांत दोनच व्होल्ट उरतात.

"मी दहा वेळा हात लावला, काही झाले नाही," असे सांगणारे भेटतात. त्यांना वाचवले ते या रेझिस्टरने. पण मोटरच्या थरथरीने त्याचा पाय तुटतो, उष्णतेने तो जळतो, आणि तरीही मोटर छान सुरू होते! त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. शेतीची लाईट रात्रीची, हातात बॅटरी, पायाखाली ओल, आणि झाकण उघडायची घाई.

काहीजण स्क्रूड्रायव्हर आडवा लावून टोके जोडतात. मोठा ठणका उडतो, टोके जळतात, डोळ्यांनाही धोका. त्यापेक्षा मेन बंद करून, टोकांना हात न लावता, वायरमनकडचा टेस्ट लॅम्प दोन्ही टोकांना टेकवावा. क्षणात काम होते. नंतर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बघावे. काटा शून्यावर आला, तरच डबा काढावा. नवा कंडेन्सर घेताना रेझिस्टरही नवा मागून घ्या.