पाटीवरचे अक्षर आणि यंत्राची बुद्धी

(केडगाव, जि. अहिल्यानगर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व परिसरातील ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे एका सेवानिवृत्त चित्रकला शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



केडगाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी त्याचे एक पाऊल अजून गावात आहे. रेणुकामातेच्या नवरात्रातील यात्रेला येणारा भाविक आणि शेजारच्या नेप्ती उपबाजारात कांदा घेऊन येणारा शेतकरी या दोघांनाही वाट दाखविते ती रस्त्याकडेची पाटी. ही पाटी कोणी तरी लिहिलेली असते, कोणी तरी तिची रचना केलेली असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज मला त्याच विषयावर बोलावयाचे आहे. चित्रे व अक्षररचना करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आली आहेत. त्यांचे आपल्या कामात स्थान काय असावे, हा प्रश्न केवळ चित्रकारांचा नाही. ग्रामसभेची सूचना, लसीकरणाचे भित्तिपत्रक, शाळेचा फलक ही सारी उपयोजित कलेचीच रूपे आहेत. त्यांतील चूक चित्रकाराला नव्हे, तर वाचणाऱ्याला भोवते.

साधने बदलत आली आहेत

साधन बदलले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हा हाताने पंचांगे लिहून देणाऱ्यांना निश्चितच चिंता वाटली असेल. आपल्या नगरमधूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी मराठी घराघरांत चित्र पोहोचविले. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरांना स्वतःचे व्यक्तिमत्त्व दिले. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक रेखाटला आणि आज अनेक कार्यालयांतील मराठी पत्रव्यवहार त्या टंकात होत आला आहे.

खिळे गेले, जुळारी गेले, संगणकावरील डीटीपी आले. त्यानंतर फ्लेक्स आला आणि भिंतीवर कुंचल्याने अक्षर काढणारा पेंटर पाहता पाहता दिसेनासा झाला. हा शेवटचा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. यंत्र स्वस्त होते, वेगवान होते, म्हणून ते आले, यात वावगे काहीच नाही. परंतु त्या पेंटरने नवे साधन शिकावे याची व्यवस्था कोणी केली नाही, आणि त्याच्या हातातील अक्षराचे ज्ञान कोणी टिपून घेतले नाही. फलक मोठे झाले, अक्षरे मात्र बिघडली. तीच चूक आपण दुसऱ्यांदा करावयाची काय, हा माझा आजचा खरा प्रश्न आहे.

यंत्र चित्र कसे काढते?

२०२२ या एका वर्षात मजकूर वाचून चित्र काढणारी अनेक साधने सर्वसामान्यांसाठी खुली झाली. त्यांच्यामागील तत्त्व अवघड नाही. असंख्य चित्रे व त्यांच्याखालील वर्णने यंत्राला दाखवितात. प्रत्येक चित्रावर थोडे थोडे धुके चढवीत ते पूर्ण दिसेनासे करतात, आणि हे धुके टप्प्याटप्प्याने कसे दूर करावे ते यंत्राला शिकवितात. हे कौशल्य अंगी आले, की कोऱ्या धुक्यातूनही आपण दिलेल्या वर्णनास साजेसे चित्र यंत्र बाहेर काढू शकते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की यंत्राने जे पुष्कळ पाहिले ते त्याला चांगले जमते. जे थोडे पाहिले ते जमत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लायन’ नावाच्या एका संग्रहात चित्र व वर्णन यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यांपैकी सुमारे २३२ कोटी एकट्या इंग्रजीतील होत्या. उरलेल्या शंभरावर भाषांच्या वाट्याला मिळून तेवढ्याही आल्या नाहीत. मग नऊवारीचा काष्टा, फेट्याचा पीळ किंवा मोटेची विहीर यंत्राने चुकविली, तर नवल ते काय?

दुसरी गोष्ट अक्षरांची. अशा यंत्राला अक्षर हे चित्रातील एका आकारासारखेच असते. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे आहेत. एक लहानशी रेघ गळली, तर ‘गाळून’चे ‘गळून’ होते. अलीकडची साधने याबाबत पुष्कळ सुधारली आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि ‘सुधारली आहेत’ याचा अर्थ ‘वाचून पाहण्याची गरज नाही’ असा होत नाही.

एका भित्तिपत्रकाचा धडा

येथे मी माझ्याच हातून होऊ घातलेली चूक सांगतो. अतिसार झालेल्या बालकास घरच्या घरी साखर-मिठाचे पाणी कसे करून द्यावे, याचे भित्तिपत्रक मला अंगणवाडीसाठी करावयाचे होते. प्रमाण ठरलेले आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मी हे वर्णन यंत्राला दिले. मिनिटाभरात चित्र आले, आणि खरे सांगतो, इतके देखणे चित्र मला चार दिवसांतही काढता आले नसते. रंग प्रसन्न, आईचा चेहरा वत्सल, भांडे चकचकीत. मजकुरातील एक वेलांटी चुकली होती, ती मी हाताने दुरुस्त केली आणि समाधानाने कागद अंगणवाडीत घेऊन गेलो.

सेविका बाईंनी तो दोन क्षण पाहिला आणि म्हणाल्या, “सर, हे लावता येणार नाही. मिठाचा चमचा बघा.”

मी पाहिले. चित्रात साखरेचा चमचा आणि मिठाचा चमचा सारखेच होते, आणि दोन्ही शिगोशीग भरलेले होते. खाली ‘अर्धा’ असे लिहिलेले होते. परंतु ज्या मातेला वाचता येत नाही, तिच्यासाठीच तर चित्र होते! मीठ जास्त झाले, तर ते पाणी बालकाला अपायकारक ठरते. चाळीस वर्षे मुलांना चित्रकला शिकविलेल्या माणसाच्या नजरेतून जे सुटले, ते त्या बाईंच्या नजरेतून सुटले नाही. कारण मी चित्र पाहत होतो आणि त्या बालकाला पाहत होत्या.

चित्र देखणे होते म्हणूनच ते धोक्याचे होते. ओबडधोबड चित्र आपण तपासून घेतो. सुबक चित्रावर मात्र विश्वास ठेवून मोकळे होतो. यंत्राच्या कामाची ही बाजू प्रत्येक कार्यालयाने ध्यानी ठेवावी.

कामाचे मोल कोठे आहे?

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे रस्त्यालगत छपाई व डिझाइनचे दुकान आहे. तो परवा म्हणाला, “सर, आता गिऱ्हाईक मोबाइलवर चित्र करूनच आणतं आणि म्हणतं, फक्त छापून द्या. आम्ही काय करायचं?”

त्याच्या प्रश्नाला पोकळ धीर देऊन भागणार नाही. पार्श्वभूमी काढून टाकणे, जुने छायाचित्र उजळविणे, एकच रचना पाच मापांत बसविणे, कच्चे आराखडे तयार करणे, ही कामे यंत्र खरोखरच जलद करते, आणि त्यांवर मिळणारी मजुरी कमी होणार आहे. त्याने ही साधने शिकून घेतलीच पाहिजेत. परंतु प्रश्नाची दुसरी बाजू आपल्याकडे, म्हणजे काम देणाऱ्यांकडे आहे. आपण फलकाचे देयक कसे काढतो? चौरस फुटाच्या दराने. त्यात रचनेचा दर नसतो, मजकूर तपासण्याचा नसतो. डिझाइन ‘फुकट’ आणि कापड विकत, असा हा व्यवहार आहे. ज्या कामाचे मोल आपण कधी मांडलेच नाही, ते काम यंत्राने गिळले तर आपल्याला कळणारही नाही.

आणि ते काम कोणते? हा फलक कोण वाचणार, किती अंतरावरून वाचणार, उन्हात कोणता रंग टिकेल, चार रंगांच्या छपाईत पडद्यावरचा निळा कसा उतरेल, मजकुरातील कोणता शब्द आधी दिसला पाहिजे, हे विचारणे आणि ठरविणे. आपल्याच नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाच्या पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामस्थांपुढे मांडण्याची प्रथा पाडली. किती पाऊस पडला, किती पाणी उपलब्ध आहे आणि त्यात कोणती पिके घ्यावीत, हे साऱ्या गावाला समजले, तरच तो निर्णय गावाचा होतो. असा ताळेबंद फलकावर सुंदर दिसावा यासाठी यंत्र साहाय्य करील. पण त्यातील आकडे खरे आहेत काय आणि ते शेवटच्या माणसाला समजले काय, याचे उत्तर यंत्र देणार नाही. ते देणारा माणूस लागेल, आणि त्याला त्याचा मोबदला द्यावा लागेल.

काही व्यवहार्य सूचना

म्हणून माझ्या काही नम्र सूचना आहेत. पहिली, फलक व पत्रके यांच्या अंदाजपत्रकात छपाईबरोबरच रचना व मुद्रितशोधन यांचा खर्च स्वतंत्रपणे दाखवावा. दुसरी, मजकूर यंत्राच्या चित्रात उमटवून घेऊ नये. चित्र हवे तर यंत्राचे घ्यावे, अक्षरे मात्र युनिकोड टंकात स्वतंत्रपणे बसवावीत, म्हणजे ती तपासता व दुरुस्त करता येतात. तिसरी, आरोग्य, पाणी, वीज व पैसा यांसंबंधीचे कोणतेही पत्रक त्या विषयाच्या जाणकाराने आणि एका सामान्य वाचकाने पाहिल्याशिवाय छपाईस देऊ नये. चौथी, विद्यार्थ्यांची व लाभार्थ्यांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून अशा साधनांत घालू नयेत.

पाचवी सूचना थोर व्यक्तींच्या प्रतिमांची आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चौंडीचा. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले आणि २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली. त्यांची यंत्राने कल्पिलेली, भलत्याच वेषातील चित्रे शाळेच्या भिंतीवर लागली, तर उद्याची मुले त्यांनाच इतिहास समजतील. अशा वेळी मान्यताप्राप्त चित्रच वापरावे. जेथे यंत्राचे चित्र वापरले असेल, तेथे तसा उल्लेख खाली करावा. भारतीय कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीनुसार संगणकनिर्मित कृतीचा कर्ता ती घडवून आणणारी व्यक्ती मानली जाते. तेव्हा ‘यंत्राने चूक केली’ असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

शिक्षक मित्रांना एक शेवटची विनंती. एलिमेंटरी व इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांसाठी आपण मुलांना वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन शिकवीत आलो. ‘आता यंत्र आहे, याची गरज काय?’ असे पालक विचारतील. त्यांना सांगा, की ज्याने स्वतःच्या हाताने चमचा काढला आहे, त्यालाच चित्रातील चमचा चुकल्याचे कळते. हात शिकतो तेव्हा डोळाही शिकतो, आणि यापुढे आपल्याला जाणत्या डोळ्यांचीच अधिक गरज भासणार आहे.

ते भित्तिपत्रक मी पुन्हा केले. पार्श्वभूमी यंत्राचीच ठेवली. चमचे मात्र हाताने काढले, सहा सपाट आणि एक अर्धा. सेविका बाईंनी ते आधी दोन मातांना दाखविले आणि मगच भिंतीवर लावले. यंत्र, चित्रकार आणि वाचक यांचा क्रम कसा असावा, हे मला त्या अंगणवाडीत उमगले.

जय हिंद, जय महाराष्ट्र.