‘सूज’ म्हणजे किती मिलिमीटर?



डिसेंबर आहे, म्हणजे जळगावात भरिताचे दिवस. त्याकडे येतोच. आधी विषय: जन्मजात किडनीदोष आणि त्यांचं वर्गीकरण. स्वागत समितीच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, “वर्गीकरण ऐकायला कोण येणार? मुतखडा ठेवा, हॉल भरेल.” आपल्याकडच्या उन्हाळ्यात मुतखड्याला तोटा नाही, हे कबूल. तरी मी हट्ट सोडला नाही. कारण एक प्लास्टिकची पिशवी.

साक्री तालुक्यातली एक आजी तान्ह्या वयापासून तपासण्या चाललेल्या नातवाला घेऊन आली. पिशवीत सोनोग्राफीचे चार रिपोर्ट. एकात दोन्ही किडन्यांना ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’, दुसऱ्यात ‘मॉडरेट’, तिसऱ्यात ‘प्रॉमिनंट पेल्व्हिस’, चौथ्यात नुसतं ‘डायलेटेड’. मिलिमीटरचा आकडा एकातही नाही. तोंडी मात्र सगळ्यांनी एकच सांगितलेलं: किडनीला सूज आहे. सूज म्हटल्यावर आजीनं पोटाला शेक दिला. दुसरं काय करणार? उठता उठता म्हणाली, “धार पायवर पडस, डॉक्टर.” लघवीची धार पायावर पडते, म्हणजे मूत्रमार्गातली झडप! पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह. चार रिपोर्टांना जमलं नाही ते आजीच्या एका वाक्यानं सांगितलं.

पाठ्यपुस्तकं या दोषांचे ढोबळ तीन कप्पे करतात. किडनीची घडणच बिघडलेली: एक किडनी नसणं, ती खुरटी राहणं, किंवा नुसत्या पाण्याच्या गाठींचा घोस होणं. दुसरा कप्पा प्रवासाचा. गर्भात सहाव्या ते नवव्या आठवड्यात किडनी ओटीपोटातून वर चढते. कन्नड घाटात एसटी बंद पडावी तशी ती कधी वाटेतच राहते. कधी दोन्हींची खालची टोकं जुळून घोड्याचा नाल तयार होतो आणि आतड्याच्या एका धमनीखाली अडकून बसतो. तिसरा कप्पा मूत्रवाहिन्यांचा: अडथळे, दुहेरी नळ्या, उलट वाहणारी लघवी, आणि आजीच्या नातवाची ती झडप. सगळे मिळून ५०० बाळंतपणांत साधारण एका बाळात हे सापडतात.

पण बाळ कप्पे पाळत नाही. एका बाजूला गाठींची किडनी आणि दुसरीकडे लघवी उलट वाहते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. एकाच जनुकातल्या दोषानं दोन भावंडांत दोन वेगळे दोष दिसतात. एडिथ पॉटर यांनी १९६४ मध्ये सूक्ष्म विच्छेदनातून गाठींच्या किडन्यांचे चार प्रकार पाडले. पॅथॉलॉजीला ते मोलाचे ठरले, पण ओपीडीत समोर बसलेल्या आईला त्यातून काही सांगता येत नाही. म्हणून मला वाटतं, ज्या वर्गीकरणातून पुढची तारीख ठरते, ते आपल्या कामाचं.

असं एक आहे. २०१४ साली आठ वैद्यकीय संघटनांनी एकत्र बसून किडनीच्या पेल्व्हिसचा समोरून मागे व्यास मोजायची पद्धत ठरवली. २८ आठवड्यांपूर्वी ४ मिलिमीटरच्या आत, नंतर ७ च्या आत, जन्मानंतर १० च्या आत असेल तर ठीक. जन्मानंतरची सोनोग्राफी ४८ तास उलटल्यावर, कारण पहिल्या दोन दिवसांत बाळाची लघवीच कमी असते आणि रिपोर्ट फसवा येतो. झडपेची शंका असेल तर मात्र एक तासही थांबू नये.

पण हे मोजायचं कुठे? मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत नऊ जन्मजात दोष आहेत: दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं, हृदयाचे दोष वगैरे. किडनी नाही. अंगणवाडीत बाळाला उलटसुलट करून पाहिलं तरी ती दिसणार नाही, हेही खरं. मग तिची नोंद सोनोग्राफीच्या टेबलावरच व्हायला हवी.

म्हणून हॉलबाहेर रिपोर्टचा एक कोरा नमुना ठेवलाय. मिलिमीटरची चौकट, किती आठवडे, पुढची तपासणी कधी, आणि तळाला आईसाठी मराठीत दोन ओळी. त्यात ‘सूज’ हा शब्द नाही. त्याऐवजी काय लिहावं यावर समितीत दोन तास भांडण झालं आणि जागा रिकामीच राहिली. पेन तिथंच बांधून ठेवलंय. भरीत आणि कळण्याची पुरी दीड वाजता. नमुना भरून आणणाऱ्यांना रांगेत पुढे सोडायला मी सांगून ठेवलंय.