हात धुता धुता



शाळेचं निमंत्रण द्यायला आलेल्या बाई सांगत होत्या, परिपाठातलं दोन मिनिटांचं मौन मुलांना फार लांब वाटतं. म्हणून आज त्या मौनाविषयीच बोलते.

मी 31 वर्षं परिचारिका होते. सुरुवातीच्या काळातली एक रात्रपाळी. उन्हाळा, वॉर्डातल्या सगळ्या खाटा भरलेल्या. मधुमेहाचे एक आजोबा म्हणाले, "सिस्टर, घाम येतोय हो." मी चालता चालताच म्हटलं, "पंखा वाढवते," आणि बटण फिरवून पुढच्या खाटेकडे गेले. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला एकाएकी घाम फुटला तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पाव तासाने परतले तर आजोबा काहीबाही बरळत होते. डॉक्टरांना हाक मारली, शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा ते भानावर आले.

त्यांचे शब्द मला ऐकू आले होते. पण डोक्यात पुढचं सलाइन, त्यापुढचं इंजेक्शन अशी गर्दी होती. त्या शब्दांना टेकायला जागाच नव्हती.

साबणाने हात नीट धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. रुग्णाला हात लावण्याआधी ते धुवायचेच असतात. मी ठरवलं, तेवढा वेळ प्रार्थनेचा. मागणं काही नाही. बोटांवरून वाहणारं पाणी बघायचं, मनात एकदा विठ्ठलाचं नाव घ्यायचं आणि ज्याच्याकडे जायचं त्याचा चेहरा आठवायचा. मन पळायचं, पळालं की पुन्हा पाण्यावर आणायचं. कित्येक महिने ते पळतच होतं. शेजारच्या नळावर माझी मैत्रीण येशूचं नाव घेत उभी असायची. तेवढा वेळ आम्ही एकमेकींशी बोलत नसू. नंतर ज्या खाटेपाशी जायची, त्या खाटेपाशी मी खरोखर पोचलेली असायची.

आपल्या वर्धा जिल्ह्याला असं मौन नवं नाही. 1951 साली भूदानयात्रा सुरू झाली, तिच्या सभांमधून पवनारचे विनोबा मौन प्रार्थना घेत. प्रार्थनेत शब्द आले की ते कुठल्या भाषेतले, कुठल्या धर्माचे, हा प्रश्न येतो. मौनात मात्र हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, अगदी देव न मानणाराही मांडीला मांडी लावून बसू शकतो. मला आमचे दोन नळ आठवतात ते यामुळेच.

आणि सेवाग्रामचे बापू. ते सोमवारी बोलत नसत. 2 जून 1947 हा सोमवार होता. फाळणीची योजना समोर आलेली, आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची भेट. बापूंनी आपलं म्हणणं जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून दिलं. त्यात त्यांनी कळवलं होतं, की सोमवारचं मौन घेताना दोन अपवाद ठेवले होते: तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्यांशी बोलणं आणि आजाऱ्याची सेवा. हा दुसरा अपवाद मी नोकरीभर जपला. माणसाला आपल्या शब्दाची गरज असेल तिथे व्रतही बाजूला ठेवायचं. मुलांनो, वर्गात कुणाला कुणी छळत असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर ते मौन नव्हे. तिथे लगेच बाईंकडे जा आणि सांगा.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. पहाटे आजोबांची साखर पुन्हा तपासली, ती ठीक होती. "बरं वाटतंय ना?" मी विचारलं. ते "हो" म्हणाले. एरवी मी तेवढ्यावर निघाले असते. त्या पहाटे स्टूल ओढून बसले आणि काहीच बोलले नाही. बऱ्याच वेळाने आजोबांनी खाटेखाली सतरंजीवर झोपलेल्या आजींकडे बोट दाखवलं. त्यांची झोप मोडू नये अशा आवाजात ते म्हणाले, घरून डबा एकच आला होता. इन्सुलिन घेऊन झालं, आणि "माझं जेवण झालंय" असं सांगून त्यांनी तो आजींना दिला होता.