गाऱ्हाण्याचे साहित्य

श्रद्धा आणि दुःख यांचे मराठी साहित्यातले नाते एका ठरीव साच्यात सांगितले जाते. देवाने भक्ताची परीक्षा पाहिली, भक्ताने प्रारब्धाचे भोग सोसले, अखेर त्याला समाधान मिळाले, असा तो साचा. संमेलनांच्या मांडवात तो इतक्या वेळा ऐकवला गेला आहे की अभंग न वाचताही संतांवर तासभर बोलता येते. अभंग वाचले की मात्र साचा मोडतो. तिथे समाधान आहे; पण त्याहून ठळक आहे ते गाऱ्हाणे. श्रद्धा डळमळली म्हणून ते घातलेले नाही. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यापुढेच गाऱ्हाणे घातले जाते. कोकणात गावकर ग्रामदेवतेपुढे उभा राहून मोठ्या आवाजात गाऱ्हाणे घालतो आणि जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत त्याला दुजोरा देतात. त्या गावकराला कोणी नास्तिक ठरवत नाही.

१६३० च्या आसपास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांचे घर वाण्याचे, महाजनकीचे. त्या दुष्काळात व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, गावातली पत गेली आणि थोरली बायको रखमाबाई भुकेने मेली. बायको उपाशी मेली ही गोष्ट तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगितली आहे, तीही वहीत एखादी रक्कम मांडावी इतक्या कोरडेपणाने. तिला जोडून हुंदका नाही आणि तत्त्वज्ञानही नाही.

साच्याचे कैवारी इथे लगेच दुसरा अभंग पुढे करतात. दिवाळे निघाले, दुष्काळाने पिडले, हे बरेच झाले, असे त्यात तुकोबा देवाला सांगतात. अभंग खरा आहे, तो लपवण्याचे काही कारण नाही. पण त्याच गाथेत देवाला निष्ठुर म्हणणारे, त्याला शब्द न पाळणारा ठरवणारे, त्याची अब्रू काढणारे अभंगही आहेत. देव आपल्यापुरता मेला, इतरांना असेल तर असो, इथवर एका अभंगाची मजल गेली आहे. गुरुदेव रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या तळमळीची दखल घेतली, पण ती साक्षात्कारापूर्वीची काळोखी रात्र म्हणून. मांडणी देखणी आहे, फक्त तिला बूड नाही. अभंगांवर तारखा नाहीत. आधी तळमळ आणि मग शांती हा क्रम वाचणाऱ्याने लावलेला आहे. दिवाळ्याला बरे म्हणणारा अभंग सकाळचा आणि देवाला मेलेला म्हणणारा संध्याकाळचा असेल, तर तळमळीतून शांतीकडे चढणारा हा जिना कोसळतो आणि पायऱ्या मोजणाऱ्याचा हिशेबही कोसळतो.

तुकोबांचे भांडण कळायला अध्यात्माइतकीच सावकारी कळावी लागते. जुन्या काळी कर्ज थकले की धनको कर्जदाराच्या दारात उपाशी बसे. त्याला धरणे म्हणत. परंपरा सांगते की तुकोबांनी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची कर्जखते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. पुढे वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या आक्षेपामुळे त्यांच्या अभंगांच्या वह्याच त्या नदीत बुडाल्या, तेव्हा तुकोबा काठावर अन्नपाण्यावाचून बसले. तेरा दिवसांचा आकडा त्यांच्याच अभंगात आला आहे. याला तपश्चर्या म्हणण्याची रीत पडली आहे. व्यवहाराच्या भाषेत ते धरणे होते. लोकांकडची येणी सोडणाऱ्या माणसाने देवाकडचे येणे सोडले नाही. तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई शिऊरकरांनी नवऱ्याचा मार अभंगात लिहून ठेवला आणि बाईच्या जन्माला वेदाचे दार बंद का, हेही विचारले. त्यांनी नवरा सोडला नाही आणि प्रश्नही सोडला नाही.

मग साचा आला कुठून? मुख्यतः चरित्रकारांकडून. ताहाराबादच्या महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा. म्हणजे तुकोबांच्या मागे शतक उलटून गेल्यानंतरचे. महिपतींचे उपकार मोठे आहेत. त्यांनी विखुरलेल्या आठवणी एकत्र केल्या, त्या नसत्या तर कितीतरी संत नावापुरतेही उरले नसते. पण चरित्राला शेवट लागतो, आणि भाविक चरित्राला गोड शेवट लागतो. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने तोच शेवट पडद्यावर आणला, विमान वर गेले आणि भांडण खालीच राहिले. वास्तविक साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथा १८७३ पर्यंत इंग्रज सरकारच्या पैशाने छापून झाली होती. तेव्हापासून न वाचण्याची सबब कोणालाच उरलेली नाही. श्रद्धेला अफूची गोळी म्हणून मोकळे होणाऱ्या पुरोगाम्यांनाही नाही. तेसुद्धा कीर्तनातला गोड शेवटच खरा धरून चालतात, फक्त त्याला नाक मुरडतात.

अस्पृश्य गणल्या गेलेल्या मंगळवेढ्याच्या चोखोबांपाशी श्रद्धा आणि दुःख यांचा प्रश्न अधिक अवघड होतो. १३३८ साली गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. नामदेवांनी अस्थी शोधून आणल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. हयातीत ज्याला आत जाता आले नाही, त्याला मेल्यावरही दाराबाहेरच जागा मिळाली. चोखोबांच्या काही अभंगांत आपल्या जन्माचा खुलासा पूर्वकर्माने केलेला आहे, आणि दलित समीक्षकांनी त्याबद्दल त्यांना बोल लावला तो उगाच नव्हे. पण त्याच घरातली उत्तरे एकसारखी नाहीत. पत्नी सोयराबाई विचारते की विटाळ देहातच उपजतो, तर विटाळावेगळा देह कोणाचा? मुलगा कर्ममेळा तर बापाचा खुलासाच मान्य करत नाही. असा जन्म का दिला, असे तो देवाला तोंडावर विचारतो, उष्ट्यावर जगायला लावण्यात कसली कृपा म्हणून टोमणा मारतो. एकाच झोपडीत बाप दुःखाचा अर्थ लावतो आणि लेक तो अर्थ नाकारतो, असे हे चौदाव्या शतकातले चित्र आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी बापाला प्रकरण दिले आणि लेकाला तळटीप. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर. चोखोबांच्या मृत्यूला तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा १९४८ चा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. वाट मात्र त्यांनी चोखोबांची घेतली नाही. निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणुकीतली आहेत का, असाच प्रश्न उभा केला. जगणे दुःख, मरणे दुःख, पुन्हा जन्मणेही दुःख, तर मग आशा कसली, हा त्यांचा आक्षेप. त्यांच्या मांडणीत माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाला मोठी जागा आहे, आणि ते दुःख दूर करायचे आहे. त्याचा अर्थ लावत बसायचे नाही. श्रद्धा आणि दुःख यांवर मराठी मुलखातून झालेला एवढा धाडसी विचार साहित्यचर्चेत क्वचितच घेतला जातो. तो समाजकारणाच्या कप्प्यात टाकला की काम भागते.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चा, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. या पुस्तकांनी गाऱ्हाण्याचा पत्ता बदलला. विठ्ठलाच्या जागी समाज आला आणि विटेवरच्या मौनाऐवजी चालत्याबोलत्या माणसांकडून उत्तर मागितले गेले. वेदना, नकार, विद्रोह ही या दलित साहित्याची तीन लक्षणे म्हणून सांगितली जातात. सदाशिवपेठी रसिकतेने त्यांतले पहिले तेवढे उचलले. वेदनेला टाळी देता येते, नकाराला उत्तर द्यावे लागते. जे संतांच्या बाबतीत घडले तेच इथेही घडत आहे: जाब विचारणाऱ्याला ‘सोशिक’ ठरवायचे आणि त्याच्या सोशिकपणाचा सत्कार करायचा.

दुःखाने माणूस मोठा होतो, लेखक तर होतोच होतो, हे वाक्य सत्कार समारंभांतून आता हद्दपार झाले पाहिजे. दुष्काळाने रखमाबाई मोठ्या झाल्या नाहीत, त्या मेल्या. भिंतीखाली चोखोबांबरोबर गाडल्या गेलेल्या इतर मजुरांचे नावही उरले नाही. अभंग झाले ते दुःखामुळे नव्हेत. दुःखाला मिळालेले प्रत्येक उत्तर अपुरे आहे, हे सांगण्याची धमक कोणाकोणात होती म्हणून झाले.

संमेलनाच्या ग्रंथदिंडीत पालखीत गाथा ठेवतात. यापुढे तिच्याशेजारी कर्ममेळ्याचे अभंगही ठेवावेत, आणि पालखी मांडवात उतरली की पहिल्या भाषणाआधी ते मोठ्याने वाचावेत.