ब्लँकेटच्या रांगेतला प्रश्न

(बोरिवली येथे समर्थकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला विषय दिला, 'धर्म आणि नीती'. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा करताना याच विषयावर मी एक लांबलचक निबंध लिहिला होता आणि गुणही बरे पडले होते. आज तो निबंध घरीच ठेवून आले आहे. कारण मागच्या थंडीत एका वारली आजीने माझी तोंडी परीक्षा घेतली आणि तिच्यात मी नापास झाले.

राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर आपण डिसेंबरात ब्लँकेटं वाटतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच अर्पणातून ती येतात. मागच्या वेळी आम्ही आधी प्रार्थनासभा ठेवली आणि सभा संपल्यावर वाटप केलं. सक्ती अर्थातच नव्हती. पण जी मंडळी सभेला बसली ती रांगेत पुढे होती, आणि जी कामावरून उशिरा आली त्यांच्यापर्यंत ब्लँकेटं पुरली नाहीत. गडबडीत या आजीला मात्र दोन मिळाली. तिने त्यातलं एक लगेच उचलून पलीकडच्या झोपडीत नेऊन दिलं. मी म्हटलं, "आजी, ती बाई तर सभेला नव्हती." आजी म्हणाली, "सभेला नव्हती. थंडीत तर आहे ना?"

मग जरा थांबून तिने विचारलं, "बाई, तुमच्या देवाने सांगितलं नसतं तर तुम्ही आलाच नसता का?"

मी हसून वेळ मारून नेली. बोरिवली स्टेशनपर्यंत रिक्षात तोच प्रश्न डोक्यात होता.

देवाशिवाय नीती टिकत नाही, असं आपण सर्रास म्हणतो. मीही रविवारच्या शाळेत मुलांना तसंच शिकवलं आहे. पण आपल्याच जिल्ह्याशेजारचा इतिहास पाहिला की हे वाक्य घशात अडकतं. डहाणू, तलासरी, उंबरगाव हा वारल्यांचा मुलूख. सन १९४५ पर्यंत तिथे वेठ चालत होती. जमीनदाराच्या शेतावर, जंगलाच्या ठेकेदाराकडे फुकट राबायचं, नाही म्हटलं तर मार खायचा. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याचे लग्नगडी व्हायचे आणि वर्षानुवर्षं त्या कर्जापायी राबायचे. हे राबवून घेणारे लोक अधर्मी नव्हते. त्यांच्यात निरनिराळ्या धर्मांची माणसं होती, सणवार पाळणारी, दानधर्म करणारी. माझ्या मते ज्याला नीती म्हणतात तिची सगळी बाहेरची चिन्हं त्यांच्या घरात होती.

ती वेठ मोडायला कोण गेलं? गोदावरी परुळेकर. पुण्याच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, कम्युनिस्ट. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, आपल्या मध्य रेल्वेवरचंच टिटवाळा. तिथे आलेल्या वारल्यांनी आपली गाऱ्हाणी मांडली. त्यानंतर गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव त्या पाड्यांवर गेले. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. लग्नगडी मोकळे झाले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच माणसं गेली. तरी वेठ परत आली नाही. हे सगळं बाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आपल्या वाचनालयात ते नाही, मी पाहिलं. घ्यायला हवं.

डहाणूत तेव्हा मिशनचा दवाखाना होता आणि त्याने किती जीव वाचवले याचा मला अभिमान आहे. पण शोमरोन्याची गोष्ट आठवा. त्या वाटेवर जखमा बांधण्याचं काम होतं आणि वाटमारी थांबवण्याचंही काम होतं. डहाणूत दुसरं काम करायला लाल बावट्याची माणसं गेली, ज्यांच्या तोंडी देवाचं नाव नव्हतं. येशूने त्या गोष्टीत मंदिराच्या दोन माणसांना पुढे चालतं केलं आणि ज्याचा धर्म ऐकणाऱ्यांना चुकीचा वाटत होता त्यालाच थांबवलं. आपण ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा चटका निघून गेला आहे. शोमरोनी म्हणजे आपल्याला दवाखान्याचं नाव वाटतं.

काही जण यावर म्हणतात, गोदावरीबाई नकळत ख्रिस्ताचंच काम करत होत्या. मला हे म्हणणं आवडत नाही. त्या बाईने आयुष्यभर जे मानलं नाही ते तिच्या नावावर चिकटवून आपण श्रेय आपल्या घरात आणतो. पौलाने रोमकरांस लिहिताना मान्यच केलं आहे की ज्यांच्याजवळ नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणात त्याची शिकवण लिहिलेली असते. मग तेवढ्यावर थांबायला काय हरकत आहे?

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. ११ मार्च २०१८ चा रविवार. नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा, त्याच किसान सभेचा, ठाण्याहून मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर करत मुंबईत शिरत होता. हजारो माणसं, त्यातले बहुतेक आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून आलेली. वनजमिनीचे हक्क मागत होती. मी त्या दिवशी मुलुंडला एका मंडळीत पाहुणी वक्ता होते. उपवासकाळ होता आणि विषय होता खरा उपास कोणता. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायावर मी चाळीस मिनिटं बोलले. बंधन तोडा, भुकेल्याला आपल्या ताटातलं द्या, असं सगळं. नंतर चहा झाला, मी लोकलने घरी आले आणि संध्याकाळी टीव्हीवर त्या माणसांचे फोड आलेले पाय पाहिले. हायवे त्या चर्चपासून रिक्षाने दहा मिनिटांवर होता. पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिलेले मुंबईकर होते. मी नव्हते.

आणि त्याच रात्री त्या दमलेल्या माणसांनी काय केलं? सोमवारी दहावीच्या मुलांचा पेपर होता. मुलं रस्त्यात अडकू नयेत म्हणून मोर्चा विश्रांती न घेता मध्यरात्रीनंतर सोमय्या मैदानावरून निघाला आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर पोचला. ज्या शहराने त्यांच्यासाठी फारसं काही केलं नव्हतं, त्या शहराच्या मुलांसाठी.

मग आपल्या विश्वासाचं काम काय, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारते. चांगलं काय हे फक्त आपल्याला कळतं, असं मी आता म्हणू शकत नाही. आजीला कळलं होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर विश्वासाने मला एवढंच केलं आहे की मला सबब उरू दिलेली नाही. दुसऱ्या कुणाला मुलुंडचा तो रविवार विसरता आला असता. मला दर उपवासकाळात तो अध्याय पुन्हा वाचावा लागतो, आणि वाचताना हायवे आठवतो. कंटाळा येतो तेव्हा, पाड्यावर कुणी दार लावून घेतं तेव्हा, पुन्हा जायला जो रेटा लागतो तो मला प्रार्थनेतून मिळतो. तो इतरांना दुसरीकडून मिळत असेल. त्याबद्दल मला भांडायचं नाही.

पण प्रार्थना आणि ब्लँकेट एका रांगेत उभी करायची नाहीत, हे मात्र मला भांडून सांगायचं आहे. या डिसेंबरात आम्ही आधी घरोघर जाऊन यादी करणार आहोत, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असलेली घरं पहिली. वाटप दारात होईल. प्रार्थना ज्यांना हवी त्यांच्यासाठी वेगळ्या दिवशी. कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, मग आपल्यात आणि इतर संस्थांत फरक काय राहिला? त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि पुढच्या बैठकीत आम्ही त्यावर पुन्हा बोलणार आहोत. तुम्हीही या.

आजीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. यादीसाठी पहिल्या शनिवारी सकाळी सातला उद्यानाच्या फाटकापाशी जमायचं आहे. चौघं आहोत, आणखी दोघं हवीत. ज्यांना चालवतं त्यांनी सभेनंतर मला नावं द्यावीत.