इंग्रजीची परीक्षा आणि शब्दसंचय



परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या, तसेच परिचारिकेसारख्या व्यवसायासाठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या तरुणांना आपले इंग्रजीचे ज्ञान बहुधा परीक्षा देऊन सिद्ध करावे लागते. १९८९ साली सुरू झालेली 'आयेल्ट्स' ही अशीच एक परीक्षा. तिची फी भरताना सामान्य शेतकरी कुटुंबाची ओढाताण होते आणि तिचा निकाल सर्वसाधारणपणे दोनच वर्षे ग्राह्य मानला जातो. म्हणूनच तयारीची दिशा चुकणे परवडणारे नसते.

पुष्कळ विद्यार्थी डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे मराठी अर्थ अशा लांबलचक याद्या पाठ करतात. परंतु या परीक्षेत सुट्या शब्दाचा अर्थ सांगावयाचा नसतो. वाचनाच्या भागात ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवावयाचे असतात. तेथे शब्द पाहताक्षणीच ओळखता आला पाहिजे. लेखन व संभाषण यांचे मूल्यमापन प्रत्येकी चार समान निकषांवर होते आणि शब्दसंपदा हा त्यांपैकी एक निकष आहे. भारदस्त शब्द चुकीच्या जागी वापरल्यास लाभाऐवजी हानीच होते.

मग आरंभ कोठून करावा? ढाका येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे कार्य केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. पुढे २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी शैक्षणिक ग्रंथांत वारंवार येणारी ५७० शब्दकुले निश्चित केली. त्यांनी तपासलेल्या मजकुरात या शब्दांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. दुर्मीळ शब्दांच्या मागे धावण्यापूर्वी हा पाया पक्का करणे हिताचे.

'शब्दकुल' ही कल्पना मराठी विद्यार्थ्यास नवी नाही. आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द उपसर्गांच्या आधारे तो शाळेतच शिकतो. 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्सपोर्ट' हे शब्दही तसेच एकत्र शिकवता येतात. मात्र प्रत्येक भाषेत शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात. मराठीत पाऊस 'जोराचा' पडतो, म्हणून इंग्रजीत 'स्ट्राँग रेन' म्हणून चालत नाही. तेथे 'हेवी रेन' असेच म्हणावे लागते. यासाठी वहीत सुटा शब्द न लिहिता, तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य उतरवावे आणि खाली स्वतःचे एक वाक्य रचावे. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी १८८५ सालीच दाखवून दिले. म्हणून तीच वही दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा उघडावी. दररोज आठ-दहा शब्द पुरेत; खंड मात्र पडू नये.

ग्रामीण विद्यार्थी अगदी रिक्त हस्ताने येतो असेही नाही. नोटीस, अपील, सर्व्हे, डिपॉझिट, ट्रान्सफर हे शब्द त्याच्या घरात रुळलेले असतात. त्यांचे स्पेलिंग व वाक्यातील उपयोग शिकवला की ते त्याचे होतात. ऐकण्याच्या व वाचनाच्या भागांत स्पेलिंग चुकल्यास उत्तरही चूक धरले जाते, हे शिक्षकांनी ध्यानात आणून द्यावे.

गावच्या ग्रंथालयात एक इंग्रजी दैनिक व एक चांगला शब्दकोश ठेवणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही. परीक्षेच्या आदल्या महिन्यात महागडा वर्ग शोधण्यापेक्षा, आठवीपासून रोज एक परिच्छेद वाचण्याची सवय लावणे अधिक फलदायी ठरेल. शब्द हे धान्यासारखे आहेत; ते हंगामात साठवावे लागतात, पंगत बसल्यावर पेरता येत नाहीत.